मामा, शेळीचा प्रश्न राहिला

मामा, काल तुमचं तेरावं झालं आणि घरची एकुलती एक सून असून मी त्याला नव्हते. गावात आज हाच विषय आहे. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर बोलणं चालू होतं ते मला बघून एकदम पावसावर गेलं. तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा, पण आधी माझं ऐकून घ्या. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे तुम्हीच अर्ध्या कडाव गावाला शिकवलंय. उरलेलं अर्धं कडाव तुमच्याशी बोलत नव्हतं म्हणून, नाहीतर त्यांनाही शिकवलं असतंत.

माणूस गेला की लोक त्याच्याबद्दल लिहितात, शांत होता, प्रेमळ होता, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मला तुमच्याबद्दल तसलं काही लिहिता यायचं नाही. कर्जतला कोर्टाजवळच्या दुकानात अकरा वर्षं मी वकिलांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतेय, खोटं प्रतिज्ञापत्र कसं दिसतं ते मला लांबून कळतं. तुम्ही भांडखोर होतात. भांडणात मजा येणारा सासरा माझ्या नशिबी आला आणि त्याच्याशी भांडता भांडता मी चाळिशीत वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसले, एवढीच आपली गोष्ट.

आठवतंय ना, तुम्ही दुकानात आलात ती दुपार? समोर तीन पक्षकार उभे, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला, आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढं येऊन म्हणालात, "बाय, दोन फॉर्म भर."

"कसले?"

"लॉ सीईटीचे. येक तुजा, येक माजा."

मला वाटलं ऊन लागलं. पण तुमच्या पिशवीत माहितीपत्रकाची झेरॉक्स होती, आणि 'वयाची अट नाही' या वाक्याखाली लाल पेनानं तीन रेघा होत्या. साजगावच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर तुम्ही मुक्त विद्यापीठातून बीए केलंत तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मी हळूच म्हटलं, "मामा, तुमचं वय अडुसष्ट."

"मंग? जज काय पोरसवदा असतात?"

एक पक्षकार हसला. त्याला तुम्ही तिथल्या तिथं विचारलंत की तुझी केस किती वर्षं चाललीये. सतरा, म्हणाला. "बघ," तुम्ही मला म्हणालात, "मी पास हून वकील झालो तरी ह्याच्या तारखेला टायमात पोचतोय."

आत्यांनी, म्हणजे तुमच्या बायकोनं, ही बातमी ऐकून तांदळाच्या सुपातून मानही वर केली नाही. "येक म्हातारा नि येक म्हशीवाली," त्या म्हणाल्या. "कोर्टाचं कल्याण हाय."

तुम्ही कायदा कुठं शिकलात ते नवीन माणसाला सांगावं लागतं. कारखान्यात एखाद्या कामगारावर आरोपपत्र आलं की खात्याची चौकशी बसते, आणि त्या चौकशीत त्याच्या बाजूनं बोलायला त्याचा एक सोबती बसू शकतो. तीस वर्षं तो सोबती तुम्ही होतात. मशीनवर झोपलेला, साहेबाला शिवी दिलेला, गेटवर डब्यात नट-बोल्ट सापडलेला, सगळ्यांच्या शेजारी तुमचीच खुर्ची. तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "साहेब, एक मिनिट." आणि मग तास जायचा. प्रत्येक कामगाराला तुम्ही एकच मंत्र द्यायचात, तो आमच्या घरात जेवताना रोज वाढला जायचा: "काय बी होऊ दे, आरोप मान्य असं लिवायचं नाय. येकदा लिवलं की देव आला तरी वाचवत नाय." लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून दूध उतू गेलं आणि मी म्हटलं, चुकलं माझं, तेव्हा तुम्ही ओटीवरून ओरडला होतात, "मान्य करू नको! पयलं इचार, गॅस बारीक कुणी नाय केला!"

अभ्यासाची वेळ ठरली सकाळची. दूध काढून झालं की मी दुकानात जायला निघेपर्यंत दीड-दोन तास, ओटीवर. मी पुस्तक घेऊन भिंतीला टेकायची, तुम्ही तंबाखूची चंची उघडून पुढ्यात बसायचात, आत्या कोपऱ्यात काहीतरी निवडत. त्यांचा अभ्यासाशी संबंध नाही असं त्या रोज जाहीर करायच्या.

परीक्षेत कायद्याचे प्रश्न कसे येतात ते मी तुम्हाला पहिल्या दिवशी समजावलं. आधी तत्त्व दिलेलं असतं, मग घटना, मग चार पर्याय. आपली अक्कल चालवायची नाही, दिलेलं तत्त्व दिलेल्या घटनेला लावायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही मान डोलावलीत. मग मी पुस्तक उघडलं, आणि नेमका तो शेळीचा प्रश्न निघाला.

तत्त्व: जनावराने दुसऱ्याच्या जमिनीत शिरून नुकसान केल्यास जनावराचा मालक जबाबदार असतो. घटना: 'अ' ची शेळी 'ब' च्या शेतात शिरली व तिने पीक खाल्ले. 'ब' ने शेताचे फाटक उघडे ठेवले होते. जबाबदार कोण?

सोपा प्रश्न. 'अ'. मी खूण करून पुढं जाणार तोच तुमचा हात पानावर आला.

"थांब. अ नि ब ची बोलचाल हाय का?"

"मामा, ते दिलेलं नाही."

"दिलेलं नाय तर इचाराया नको? बोलचाल आसती तर ब नं हाक मारली आसती, आरं तुजी शेली माज्या वालात शिरली. अ धावत आला आसता. खटलाच नाय."

"वाल कुठं आला? पीक म्हटलंय नुसतं."

"पीक म्हंजे वालच," तुम्ही म्हणालात आणि चंचीत बघायला लागलात. आत्या कोपऱ्यातून खुसखुसल्या. सगळ्या गावाला माहीत होतं, मामा. आठ वर्षांपूर्वी तुमच्या चुलतभावाची, शेजारच्या धोंडूकाकांची शेळी तुमच्या वालात शिरली होती, आणि कवाड तुम्ही उघडं टाकलं होतंत. त्या दिवसापासून दोन घरांच्या मधे फक्त एक शेवग्याचं झाड आणि तुमची अबोल्याची आठ वर्षं.

गंमत अशी की पुस्तक तुमच्याच बाजूचं होतं. 'ब' म्हणजे तुम्ही, आणि 'ब' जिंकत होता. दुसरा कुणी असता तर ते पान फ्रेम करून शेवग्याला टांगलं असतं. तुम्ही मात्र म्हणालात, "जिकला ब. पन म्होरं? बोलचाल कशी सुरू व्हायची?" आणि पेन्सिलीनं प्रश्नाच्या बाजूला तुमच्या तिरक्या अक्षरात लिहिलंत: बोलचाल हाय का? ते पान आपण पुढं कितीदा उघडलं असेल. दर वेळी मी म्हणायची 'अ', दर वेळी तुम्ही म्हणायचात "बराबर, पन निकाल नाय लागला."

पहिल्या सराव परीक्षेत दोन तासांत तुम्ही सतरा प्रश्न सोडवलेत. सतराही चुकले, कारण प्रत्येकात तुम्ही पाचवा पर्याय हातानं लिहिला होतात. एका चोराला तुम्ही नोकरी लावून दिली होतीत. एका घरमालकाला आणि भाडेकरूला चहावर बोलावलं होतंत. मी वैतागून म्हटलं, "मामा, परीक्षेत न्याय द्यायचा नसतो. उत्तर द्यायचं असतं. एका प्रश्नाला एक मिनिट."

"येका मिन्टात मानसाची विजार बी व्हत नाय घालून," तुम्ही म्हणालात, आणि दोन दिवस रुसून बसलात. चहा घ्यायचात, पण आत्यांच्या हातचा.

उपाय मला दुकानात टाइप करता करता सुचला. तुम्हाला म्हटलं, "मामा, असं करा. प्रश्न वाचला की कारखान्यात चौकशी घेणारे तुमचे ते पर्सोनेल साहेब डोळ्यापुढं आणा. साहेब काय म्हणाले असते? त्याच्यावर खूण करा."

तुम्ही संशयानं पुस्तक घेतलंत. पहिला प्रश्न बरोबर. दुसरा बरोबर. पाचव्याला तुमचे कान लाल झाले होते. "बाय, ही तं लई सोपी परीक्षा हाय," तुम्ही म्हणालात. "जे उत्तर वाचून तळपायाची आग मस्तकात जाती ना, तेच बराबर." त्या दिवसापासून तुमचे मार्क असे चढायला लागले की मलाच धडकी भरली. खूण करताना तुम्ही दर वेळी पुटपुटायचात, "घ्या साहेब, तुमचंच खरं," आणि समोर गोठ्यात म्हैस मान हलवायची.

बाकीच्या विषयांत आपली वाटणी झालेली होती. फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणतो, ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या एक मुलाची मुलगी, तर ती त्याची कोण, असल्या प्रश्नात मी कागदावर झाडं काढत बसायची. तुम्ही डोळे मिटून सांगायचात, "भन." वर म्हणायचात, "आनि ह्यो फोटो दाखवून सांगतोय म्हंजे भनीशी पटत नाय ह्याचं." इंग्रजीत मात्र मी गुरू. समान अर्थाचे शब्द पाठ करताना तुम्ही चिडायचात, "येका अर्थाला चार शब्द? भावकी हाय का काय ही!"

परीक्षा खोपोलीला होती. माझ्या स्कूटीवर मागं बसून तुम्ही पळसदरीपर्यंत माझ्या कानात चालू घडामोडी म्हटल्यात आणि पळसदरीनंतर रस्त्यातल्या खड्ड्यांना जबाबदार कोण यावर बोललात. केंद्राच्या फाटकावर तो वॉचमन मला म्हणाला, "मॅडम, वडलांना तिकडं झाडाखाली बसवा. पालकांना आत सोडत नाहीत."

तुम्ही छाती काढलीत. "साहेब, एक मिनिट."

मी डोळे मिटून घेतले. मागं पन्नास पोरं रांगेत, आणि तुम्ही त्याला हॉल तिकिटावरचा फोटो, आधार कार्डावरचा फोटो आणि मूळ चेहरा असे तीन पुरावे क्रमानं दाखवताय. फोटो जुळला तर त्यानं चंची पकडली. आत न्यायची नाही म्हणाला. नियम दाखव, तुम्ही म्हणालात. त्यानं दाखवला. तुम्ही तो चष्मा लावून दोनदा वाचलात आणि मग त्याच्याच हातात चंची दिलीत: "बराबर हाय तुजं. सांबाळ. मोजून दिली नाय, पन तू चांगला मानूस दिसतोस." दोन तासांनी मी बाहेर आले तर तो वॉचमन तुम्हाला त्याच्या भावाच्या जमिनीची केस सांगत होता, आणि दोघं एकाच चंचीतला तंबाखू मळत होतात. मी विचारलं, "किती सोडवले?"

"समदे. मी नाय, साहेबानं."

निकाल लागला आणि तुम्हाला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. हे तुम्ही किती जणांना सांगितलंत, मामा? टेंपोवाल्याला सांगितलंत, डेअरीत सांगितलंत, कृत्रिम रेतनाला आलेल्या डॉक्टरला म्हैस धरून उभे असताना सांगितलंत. पेढे वाटताना "दोगं पास झालो" म्हणायचात, आणि समोरचा वळला की हळूच, "सुनंपरीस चार जास्त." दुसऱ्या दिवशी कर्जतच्या शिंप्याकडे जाऊन काळ्या कोटाचं माप देऊन आलात. मी म्हटलं, अजून तीन वर्षं शिकायचंय. तर म्हणालात, "कपडा आटतो. आदी शिवून ठेवल्याला बरा."

पनवेलकडच्या एकाच कॉलेजात दोघांचा नंबर लागला. आणि मग ते भांडण झालं. ते आता लिहायलाच हवं.

तुम्ही ओटीवर दोन फायली मांडून बसला होतात, एकीवर माझं नाव, एकीवर तुमचं, कागद क्रमानं लावत. मी दुकानातून भिजून आलेली, म्हशीची धार राहिलेली, तुमच्या मुलाची, संतोषची, सेकंड शिफ्ट, म्हणजे स्वयंपाकही राहिलेला. तुम्ही म्हणालात, "बाय, तुज्या फायलीत ग्याप सर्टिफिकेट नाय. मदल्या वर्सांत शिक्षान का बंद व्हतं त्याचं प्रतिज्ञापत्र लागतंय."

आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी नाही जाणार कॉलेजात. तुम्हीच जा. तुम्हाला काय, डबा घेतला की निघालात. मी गेले तर हे सगळं कोण करणार?" तुम्ही म्हणालात, "करू कायतरी." इथं मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "अठरा वर्षांपूर्वी ह्याच ओटीवर मी लॉचा फॉर्म घेऊन उभी होते, मामा. नवीन लग्न झालेलं. तुम्ही काय म्हणालात? पुढच्या सालाला बघू. आणि बूट घालून कुणाची तरी बाजू मांडायला कारखान्यात गेलात. तेव्हा कुठं गेला होता तुमचा न्याय?"

अठरा वर्षांत हे मी कधी बोलले नव्हते. तुम्हीही नव्हतात बोलला. मी तुमच्या "एक मिनिट"ची वाट बघितली. ते आलंच नाही. तुम्ही फायलीची नाडी बांधलीत, उठलात, आणि गोठ्यात जाऊन म्हशीपुढं पेंड ठेवलीत. उभ्या जन्मात केली नव्हतीत तुम्ही ती गोष्ट. म्हैससुद्धा बिचकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तुम्ही ओटीवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी दुकानात होते. आत्या नंतर सांगत होत्या, सकाळपासून काहीतरी लिहीत बसले होते, तीनदा खोडरबर मागितला. मला त्या वेळी काही ऐकूच येत नव्हतं. माणूस शेवटचं काय बोलला हे लोक विचारतात. मला विचारलंच नाही कुणी, आणि बरंच झालं, कारण तुम्ही काहीच बोलला नव्हतात आणि जे बोलले होते ते मी.

पाचव्या दिवशी शिंप्याचा फोन आला, कोट तयार आहे. संतोष जाऊन घेऊन आला आणि काय करायचं ते न सुचून ओटीवरच्या खुंटीला अडकवून ठेवला. भेटायला येणारी माणसं रडायच्या आधी कोटाकडे बघायची आणि आवाज खाली आणून विचारायची, "वकील कोन आलाय? वाटनीचं काय हाय का?" नवव्या दिवशी तुमच्या मोबाईलवर कॉलेजातून फोन आला. आत्यांनी उचलला. पलीकडची मुलगी म्हणाली, तेरा दिवसांपूर्वी यादी लागली, आता चारच दिवस राहिले, कागदपत्रं दाखवली नाहीत तर तुमची जागा रद्द होईल. "रद्द झालीच हाय, बाय," आत्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. मी बोटं मोजली. शेवटची तारीख बरोबर तेराव्याच्या दिवशी येत होती. माझ्या जागेचीही तीच.

दहाव्याला नदीवर सगळे जमले. तुमचा स्वभाव ठाऊक असल्यानं भावकी दुपारच्या तयारीनं आली होती, कुणी तर भडंग बांधून आणलेला. कावळा काय लवकर शिवायचा नाही, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. संतोषनं पिंड ठेवून पाठ वळवली न वळवली तोच एक कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. एक मिनिटसुद्धा झालं नसेल. सगळे सुटल्यासारखे हसले. मला मात्र असा राग आला म्हणून सांगू! सतरा प्रश्नांना दोन तास घेणारा माणूस, आणि स्वतःच्या वेळी खूण करून मोकळा. म्हणजे तुमची काही इच्छा मागं उरलीच नव्हती? माझं कॉलेजही नव्हतं त्यात? म्हटलं, बरोबर आहे. मी म्हणालेच होते ना, नाही जाणार.

बाराव्याच्या संध्याकाळी तेराव्याची बोलणी चालली होती. किती पानं, भाजी कुठली, आचारी कोण. मधेच आत्या म्हणाल्या, "वैशाली उद्या कालेजात जानार हाय. शेवटची तारीक हाय तिची."

मी तसं काही ठरवलं नव्हतं. पण मी उत्तर द्यायच्या आत धोंडूकाका बोलले. तुमचे तेच धोंडूकाका, शेळीवाले. तुम्ही गेलात त्या दिवशी ते आठ वर्षांत पहिल्यांदा शेवग्याच्या अलीकडे आले होते आणि बारा दिवस हलले नव्हते. केस उतरवलेले, अळणी जेवणारे, चटईवर झोपणारे. "वयनी, ह्ये बराबर नाय," ते म्हणाले. "तेरावं झाल्याबिगर घरच्या सुनंनं उंबरा वलांडायचा नाय. आपल्यात रीत हाय."

मामा, अशा वेळी तुम्ही लागायचात. मी कोटाकडे बघितलं.

आत्यांनी सूप खाली ठेवलं. "धोंडूभावजी, येक मिनिट," त्या म्हणाल्या.

मी कोटावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

"रीत काय ती नंतर बगू. पयलं मला सांगा, तुमची नि त्यांची बोलचाल व्हती का?"

धोंडूकाका चटईकडे बघायला लागले.

"आठ वर्सं त्यांच्याशी येक शबुद नाय बोललात. मंग त्यांचं सुतक कशाला पाळताय?"

कुणीतरी हसू दाबलं. धोंडूकाकांनी दाबलं नाही, त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. "नव्हती, वयनी," ते म्हणाले. "नव्हती म्हनून तं पाळतोय. आता दुसरं काय करू मी त्याच्यासाटी?"

संतोष उठून त्यांना पाणी द्यायला गेला. ते प्यायले, खांद्यावरच्या पंच्यानं नाक पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा बाय तू. पंगत मी बगतो. लोकांनी काय इचारलं तं माजं नाव सांग."

म्हणून मी गेले, मामा. तुमच्या हट्टानं नाही, रीत मोडायची हौस म्हणून नाही. धोंडूकाका रडले म्हणून गेले. ज्याच्याशी बोलायचं राहतं त्याच्यासाठी माणसाला काहीतरी करावं लागतं, एवढं मला त्यांच्याकडे बघून कळलं.

सकाळी आधी दुकान उघडलं. गॅपचं प्रतिज्ञापत्र राहिलं होतं ना. अकरा वर्षांत गावोगावच्या पोरींची शेकड्यानं टाइप केली, त्यात एक ठरलेली ओळ असते, 'घरगुती कारणास्तव शिक्षण घेता आले नाही'. ती ओळ माझी बोटं झोपेतही मारतील. आधार कार्ड काढायला तुम्ही बांधलेली फाईल सोडली, आणि सगळ्यात वर घडी घातलेला रेघांचा कागद निघाला. तुमची पेन्सिल. खोडून खोडून कागद पातळ झालेला.

'मी, वैशाली संतोष, प्रतिज्ञेवर लिहून देते की पदवीनंतर अठरा वर्षे माझे शिक्षण बंद राहिले, त्याचे कारण' आणि पुढं 'घरगुती अडचण' लिहून खोडलेलं. त्याच्या खाली 'घरची अडचण नव्हती', तेही खोडलेलं. त्याच्या खाली, 'सासऱ्याने पुढच्या सालाला बघू म्हटले. त्याला तेव्हा जगाची बाजू मांडायची घाई होती.' हे खोडलेलं नव्हतं. मग बरीच जागा रिकामी, आणि तळाला, कारखान्यातल्या प्रत्येक कागदावर करायचात तशी तुमची पूर्ण सही, कामगाराच्या तिकीट नंबरासकट. सहीच्या वर दोन शब्द.

आरोप मान्य.

तीस वर्षं ज्या दोन शब्दांपासून तुम्ही माणसं वाचवलीत, मामा, ते तुम्ही माझ्यासाठी लिहिलेत. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पोटभर रडले. बाहेर एक पक्षकार खाली वाकून विचारत होता, झेरॉक्स चालू आहे का. मी आतून ओरडले, "एक मिनिट!"

मग डोळे पुसून मशीनला बसले आणि टाइप केलं: घरगुती कारणास्तव. तुमचा कागद मी कॉलेजात दिला नाही. सोबत्यानं आपल्या माणसाचा कबुलीजबाब साहेबापुढं ठेवायचा नसतो, हे मला कुणी शिकवलंय? काउंटरवरच्या बाईनं कागद बघितले, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "बराच मोठा गॅप आहे." मी म्हटलं, हो, आहे. तिनं शिक्का मारला. यादीतल्या तुमच्या नावावर तिनं रेघ ओढली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आले तर पंगती उठल्या होत्या. धोंडूकाकांनी माझं ताट झाकून ठेवलेलं, वाटीत वालाचं बिरडं. त्यांच्याच शेतातले वाल, आणि मीठ जरा जास्तच पडलं होतं. ते पुढ्यात बसून होते. मी दोन घास खाल्ल्यावर त्यांनी विचारलं, "मिळाली जागा?" मी म्हटलं, मिळाली. तर म्हणाले, "त्याला किती मार्क व्हते?" मी सांगितलं, माझ्यापेक्षा चार जास्त. धोंडूकाका खूश झाले. "व्हनारच," ते म्हणाले, आणि हे सांगायला उठून बाहेर गेले.

कोट मी माझ्या मापाचा करून घेणार आहे. शिंपी म्हणाला, बाह्या बऱ्याच लांब आहेत. म्हटलं, माणूसच लांब हाताचा होता. माझ्यावर अजून तुमचे चार मार्क चढलेले आहेत आणि ते मी तीन वर्षांत फेडणार नाही असं समजू नका. सकाळच्या अभ्यासाला आत्या बसणार आहेत. अभ्यासाशी त्यांचा काही संबंध नाही, तसं त्यांनी आजच जाहीर केलंय.

तुमचा कागद मी सरावाच्या पुस्तकात ठेवलाय, त्या शेळीच्या पानात. आरोप मला मान्य नाही, म्हणजे आहे, पण एवढा कडक नाही. तुमचा तो बोलचालीचा प्रश्न अजून तिथं बाजूला आहे, तिरक्या अक्षरात, उत्तर न लिहिलेला. आज तुमचीच पेन्सिल घेऊन मी त्याच्या खाली लिहिलं.

हाय, मामा.